डिस्कोचा वेश करायचाय? आधी साल ठरवा

ऑफिसची ‘रेट्रो नाइट’ असो, सोसायटीच्या गणपतीतली वेशभूषा स्पर्धा असो की कॉलेजचं गॅदरिंग, ‘सत्तरचं दशक’ असा विषय निघाला की निम्मी मंडळी डिस्कोच उचलतात. मग मोबाइलवर ‘रेट्रो ड्रेस’ शोधलं जातं आणि चार दिवसांत घरी एक पाकीट येऊन पडतं. आत इंद्रधनुषी कुरळा टोप, शांतीचं चिन्ह असलेलं लॉकेट, पोपटी आणि गुलाबी लेगवॉर्मर. पाकिटावर डिस्को लिहिलेलं असतं खरं, पण लॉकेट साठच्या दशकातल्या हिप्पींचं आणि लेगवॉर्मर ऐंशीच्या दशकातल्या एरोबिक्सचे. टोप कुठल्याच काळातला नाही.

आमच्या मंडळाच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या कार्यक्रमांना मी बरीच वर्षं कपडे जमवून, शिवून देते. डिस्कोच्या बाबतीत माझा एकच हट्ट असतो : चमकीचा नंबर शेवटी. आधी साल, मग कापड कसं पडतं ते, मग बेतणी. हे तीन जमले तर एकही टिकली न लावता माणूस डिस्कोतला दिसतो. नाही जमले तर टिकल्यांनी मढवलेला माणूसही लग्नाच्या बँडवाल्यासारखा दिसतो.

१. साल आणि शहर पक्कं करा

डिस्को वाढला न्यूयॉर्कमध्ये. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींच्या खासगी पार्ट्यांतून आणि छोट्या क्लबांतून तो पसरला. डेव्हिड मॅनकुसो यांनी १९७० मध्ये आपल्या राहत्या जागेतच अशा पार्ट्या सुरू केल्या होत्या. तिथे लोक पहाटेपर्यंत नाचत, त्यामुळे अंगात अडकणारे, गुडघ्यात आखडणारे कपडे कोणी घालून येत नसे. डिस्कोचा सगळा पेहराव या एका गरजेतून आलाय, हे डोक्यात ठेवलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

१९७७ हे साल निवडलंत तरी त्यात दोन वेगळी न्यूयॉर्कं आहेत. एप्रिल महिन्यात मॅनहॅटनला ‘स्टुडिओ ५४’ हा क्लब उघडला. तिथल्या पाहुण्यांच्या अंगावर हॉल्स्टनसारख्या डिझायनरचे साधे दिसणारे, पण अंगावरून पाण्यासारखे ओघळणारे झगे असत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला. त्यातला नायक ब्रुकलिनच्या रंगांच्या दुकानात काम करणारा पोरगा आहे. त्याचा तो जगप्रसिद्ध पांढरा सूट वेशभूषाकार पॅट्रिझिया फॉन ब्रँडेनस्टाइन यांनी तयार कपड्यांच्या साध्या दुकानातून आणला होता, पॉलिएस्टरचा. तेव्हा ‘माझ्याकडे भारी सूट नाही’ म्हणून कोणी अडून बसू नये. तो सूट भारी नव्हताच.

पुढे १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना झालाच नाही. अमेरिकेत डिस्कोविरुद्ध वारं फिरलं ते त्या सुमारास. आणि गंमत बघा, आपल्याकडे त्याच्या पुढच्याच वर्षी ‘कुर्बानी’ आणि ‘कर्ज’ आले, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’. न्यूयॉर्कचा डिस्को संपत आला तेव्हा मुंबईचा सुरू झाला. म्हणून मुंबईच्या डिस्कोची चमक जास्त, चंदेरी-सोनेरी रंग जास्त आणि बेलबॉटमचा घेर मात्र हळूहळू आखडत गेलेला.

कागदावर एक ओळ लिहा : ‘न्यूयॉर्क, १९७७’ किंवा ‘मुंबई, १९८०–८२’. पुढचं प्रत्येक सामान या ओळीला विचारून घ्यायचं.

२. माणूस निवडा

‘डिस्को’ हा विषय झाला, वेश माणसाचा असतो. माझ्या अनुभवात चालणारे काही पर्याय :

ब्रुकलिनचा पोरगा. पांढरा किंवा फिकट थ्री-पीस, आत काळा शर्ट, कॉलर कोटाच्या बाहेर काढलेली. टाय अजिबात नाही.

क्लबची पाहुणी. एका खांद्याचा किंवा मानेमागे गाठ मारलेला लांब झगा. एकच रंग, दागिना जवळजवळ नाही.

पडद्यावरचा मुंबईकर हिरो. ‘कर्ज’मध्ये फिरत्या रेकॉर्डवर नाचणारा ऋषी कपूर चंदेरी आहे. मिथुन करायचा असेल तर आधी आरशासमोर कमरेची तालीम करा. कपडे पाच टक्केच काम करतात.

बप्पीदा. सोन्याच्या साखळ्या, काळा चष्मा, ढगळ जाकीट. सगळ्यात सोपा वेश, आणि म्हणूनच धोक्याचा. एकाच रंगमंचावर तीन बप्पीदा आलेले मी पाहिले आहेत. आयोजकांना आधी फोन करून विचारून घ्या.

दिव्यांचा कोट. ‘याराना’ (१९८१) मध्ये कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममधल्या गाण्यात अमिताभच्या अंगावर बल्ब लावलेला पोशाख आहे. तो कसा करायचा ते पुढे येईल.

उषा उथुप. हा पर्याय कोणाला सुचत नाही याचं मला दर वेळी नवल वाटतं. नाइटक्लबात कांजीवरम नेसून, केसांत फुलं माळून, मोठं कुंकू लावून गाणारी ही बाई. ‘प्यारा दुश्मन’मधलं ‘हरी ओम हरी’ आणि ‘अरमान’मधलं ‘रंबा हो’ ही दोन्ही गाणी १९८०–८१ मधली. ज्या काकू म्हणतात ‘मला बाई झगा-बिगा नको’, त्यांनी कपाटातली भरजरी काठपदराची साडी काढावी, हातभर बांगड्या घालाव्यात आणि माइक घ्यावा. खर्च गजऱ्याचा.

३. सामानाची यादी

बाजारात जाण्याआधी घर धुंडाळा. वडिलांचे, काकांचे जुने टेरिकॉटचे शर्ट-पँट माळ्यावरच्या पेटीत अजून असतात, आणि टेरिकॉट काही केल्या विटत नाही. मग उरलेलं :

– कापड, आणि जेवढं वरचं तेवढंच सुती अस्तर
– कॉलरीसाठी कडक बुकरम
– टिकल्यांची लेस (सुट्या टिकल्या नकोत, जन्म जातो)
– दुहेरी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, जुळत्या रंगाचा दोरा
– टोप लागणार असेल तर टोपाखालची जाळी
– डोळ्यांजवळ चालेल अशी, मेकअपच्या दुकानातली चमकी

मुंबईत कापडाला मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, लेस-टिकल्यांना भुलेश्वर. पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग. जुने पट्टे, गॉगल, बकलं यांच्यासाठी जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. भाड्याने घ्यायचं ठरवलंत तर डिसेंबर-जानेवारीत ड्रेसवाल्यांकडे शाळांची गर्दी उसळते. महिनाभर आधी जा आणि कपडा अंगात घालून, चेन वरखाली करून, बगलेत नाक खुपसून तपासा. तिथेच लाज सोडलेली बरी.

४. कापड हातात धरून बघा

दुकानात कापडाचं एक टोक चिमटीत धरा आणि बाकीचं सोडून द्या. ते सरळ, जड होऊन खाली आलं, हलवल्यावर लाटेसारखं फिरलं तर घ्या. फुगून उभं राहिलं तर ठेवा. ऑर्गंझा, टिश्यू, कडक सॅटिन ही सगळी चमकतात, पण नाचत नाहीत. जर्सी, लायक्रा मिसळलेलं विणीचं कापड, जॉर्जेट, मऊ क्रेप ही नाचतात. त्या काळातही हेच होतं. ड्यूपाँट कंपनीचं कियाना नावाचं रेशमासारखं नायलॉन तेव्हा शर्टांसाठी गाजलं, ते याच पडण्यासाठी.

लमे, म्हणजे ते वर्खासारखं सोनेरी-चंदेरी कापड घेत असाल तर दोन इशारे. कापल्याबरोबर त्याचे दोरे सुटतात, तेव्हा शिवण्याआधी सगळ्या कडा ओव्हरलॉक करून घ्या. आणि त्यावर गरम इस्त्री थेट टेकवू नका. चकाकी जाते आणि इस्त्रीच्या आकाराचा डाग कायमचा बसतो.

पॉलिएस्टरबद्दल खरं सांगते : आपल्या हवेत ते सोसत नाही. ऑक्टोबरात बंद हॉलमध्ये थ्री-पीस घातला की दहा मिनिटांत पाठ भिजते. आत सुती बनियन हवाच, अस्तरही सुतीच. समई, उदबत्ती, फटाके यांपासून लांब राहा. हे कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं.

५. बेलबॉटम : जुन्या जीन्सची किंवा पँटची

सगळ्या वेशातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणून जरा सावकाश.

बेलबॉटम म्हणजे ढगळ पँट नव्हे. कमरेपासून गुडघ्यापर्यंत ती घट्टच असते, गुडघ्यापासून उघडते. ढगळ पायजम्यासारखी पँट घालून आलेल्या माणसाचं डिस्को होत नाही. तेव्हा मांडीत नीट बसणारी जुनी पँट निवडा.

घरी करायची असेल तर बाहेरच्या बाजूची शिवण खालपासून गुडघ्यापर्यंत, साधारण १६ इंच, उसवा. बाहेरचीच, कारण जीन्सची आतली शिवण बहुधा दुहेरी दुमडलेली असते, ती उसवताना घाम फुटतो. आता त्या फटीत बसवायला त्रिकोणी कळी कापा : उंची १६ इंच, तळाची रुंदी ९ इंच. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की मोहरीत, म्हणजे पँटच्या खालच्या घेरात, ८ इंचांची भर पडते. १६ इंचांची मोहरी २४ इंचांची होते, आणि सत्तरच्या दशकाला तेवढी पुरते. हौस असेल तर कळी वेगळ्या कापडाची घ्या. काळ्या पँटला चंदेरी कळी लावली की उभं राहिल्यावर दिसत नाही आणि गिरकी घेतली की चमकते.

कळीचं वरचं टोक ही खरी कसोटी. तिथे शिवण थांबवून दोनदा उलट टाके मारा, नाहीतर पहिल्याच ठेक्याला तिथूनच उसवतं.

टेलरकडे देणार असाल तर नुसतं ‘मास्तर, बेलबॉटम करून द्या’ म्हणू नका. आजचे बरेच मास्तर त्याला बूटकट समजतात आणि दोन इंच वाढवून देतात. ‘मास्तर, गुडघा १८, मोहरी २४, गोल मोजून’ असं सांगा आणि वहीत लिहून घ्यायला लावा. ‘गोल मोजून’ हे शब्द विसरू नका, कारण काही जण निम्मं माप धरतात.

आणि लांबी? ती बूट घालूनच मोजायची. पँटने बुटाची टाच झाकली पाहिजे, जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर. अनवाणी मोजलेली बेलबॉटम उंच टाचेवर चढली की घोट्यावर येऊन थांबते आणि सगळी शान जाते.

६. शर्ट आणि कोट

शर्टाची कॉलर लांब, टोकदार हवी. टोक चार इंचांच्या आसपास. आजच्या शर्टाची तीनही भरत नाही, म्हणून जुन्या शर्टाला नवी कॉलर बसवून घेणं स्वस्त पडतं. आत बुकरम घाला, नाहीतर ती लांब कॉलर कोमेजून पडते. वरची तीन बटणं उघडी. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी दोन उघडी ठेवावीत, पण मग आत गोल गळ्याचा पांढरा बनियन दिसू देऊ नये. हा बनियन आपल्याकडच्या निम्म्या डिस्को-हिरोंना मारतो.

कोटाचं लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी, रुंद, चार इंचांच्या पुढे. तसा कोट मिळाला नाही तर कोट सोडून द्या आणि शर्टावर फक्त वेस्टकोट घाला. अरुंद लॅपलचा आजचा कोट घातलात तर सालच बदलतं.

७. घेर, गाठ आणि पदर

जोडीने नाचताना गिरक्या असतात, म्हणून स्कर्टला घेर हवा. पूर्ण गोल स्कर्ट ज्याला शिवणयंत्र चालवता येतं त्याला जमतो. कंबर ३० इंच असेल तर आतल्या वर्तुळाची त्रिज्या पावणेपाच इंच, लांबी २४ इंच, म्हणजे कापडाच्या मध्यापासून कडेपर्यंत पावणेएकोणतीस इंच. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, दीड मीटर कापड त्याला बरोबर पुरतं. कापड चौघडी घालून कोपऱ्यातून दोरी आणि खडूने चाप आखा. कापल्यावर एक रात्र हँगरला टांगून ठेवा. गोल स्कर्टचा काही भाग उरेब, म्हणजे विणीला तिरका, येतो, तो खाली ओघळतो आणि कड वाकडी होते. सकाळी कड सारखी करा आणि पिको करून टाका.

शिवायचंच नसेल तर काळा बॉडीसूट आणि त्यावर कमरेला गुंडाळलेला मऊ ओढणीचा स्कर्ट. नर्तकांचे सरावाचे कपडे तेव्हा थेट डान्स फ्लोअरवर आले होते, त्यामुळे हा जुगाड नाही, इतिहासाला धरूनच आहे. १९७४ च्या सुमारास डायन फॉन फुर्स्टेनबर्ग यांचा गुंडाळून बांधायचा ड्रेस गाजला, तशा धर्तीचा जर्सी ड्रेस हल्ली सहज मिळतो.

मानेमागे गाठ मारायचा झगा घालणाऱ्यांनी गाठीवर विसंबू नये. गाठ दिसायला ठेवा, आतून दोन टाके घाला.

८. केस आणि चेहरा

पुरुषांनी कान झाकणारे केस आणि लांब कल्ले एवढं केलं तरी पुष्कळ. कल्ले काजळाने काढू नका, घामाने गालभर पसरतात. बायकांसाठी दोन्ही बाजूंनी मागे उडवलेले केस, अमेरिकन अभिनेत्री फॅरा फॉसेटचे १९७६ च्या पोस्टरवर होते तसे. मोठ्या गोल ब्रशने बाहेरच्या दिशेला ब्लो-ड्राय करायचे.

अफ्रो, म्हणजे गोल फुगलेल्या कुरळ्या केसांच्या टोपाबद्दल. ते कृष्णवर्णीय लोकांचे स्वतःचे केस आहेत, त्या काळात ते अभिमानाने वाढवलेले असत. विनोद म्हणून डोक्यावर रंगीत गोळा चढवणं मला पटत नाही, आणि चेहरा काळा रंगवणं तर कोणीही, कुठेही करू नये. परदेशातल्या मंडळात कराल तर यजमान तुम्हाला आधी दार दाखवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. डिस्को गायिका डोना समर व्हायचंय तर तिचा झगा आणि तिचा तोरा घ्या.

चेहऱ्याला निळी आयशॅडो, ओठांना चकाकी, गालाच्या हाडावर हायलायटर. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ लावू नका. तिचे कण धारदार असतात, बुबुळाला ओरखडा पडतो.

९. पायात

जाड तळव्याचे प्लॅटफॉर्म विकत नाही मिळाले तर जुन्या बुटाला चप्पल दुरुस्तीवाल्याकडून रबराचा एक-दीड इंच थर लावून घ्या. थर्माकोल चालत नाही, पाचव्या पावलाला तुटतो. घरात निदान दोन संध्याकाळी ते घालून वावरा. न वाकणाऱ्या तळव्यावर पाय मुरगळतो तो नाचताना नव्हे, रंगमंचाच्या पायऱ्या उतरताना. लहान मुलांना प्लॅटफॉर्म देऊच नका. पँटची लांबी त्यांच्या बुटाला धरून घ्या, काम भागतं.

१०. दिव्यांचा कोट आणि रंगमंचाचे दिवे

दिव्यांचा कोट आज बॅटरीवर सहज होतो. पाच व्होल्टच्या, यूएसबीवर चालणाऱ्या एलईडीच्या तारा घ्या, पॉवर बँक आतल्या खिशात, तारा कोटाच्या आतून अस्तरावर टाचून फक्त दिवे बाहेर. कोपर आणि बगलेपाशी तार सैल ठेवा, नाहीतर हात वर केला की निम्मा कोट विझतो. भिंतीतल्या प्लगला जोडायच्या दिवाळीच्या माळा अंगावर घालू नका. घामाने भिजलेल्या कपड्यात तो जिवाशी खेळ आहे.

आयोजकांना दिवे कसे आहेत ते विचारा. पांढरं कापड दिव्याचा रंग घेतं, म्हणून ते रंगीत दिव्यांत सतत बदलत राहतं. गडद लाल कापड निळ्या दिव्यात काळं दिसतं. टिकल्या फक्त हलताना चमकतात, म्हणून त्या छातीवर थापण्यापेक्षा बाहीच्या आणि मोहरीच्या कडेला लावा, जिथे हालचाल होते.

११. कार्यक्रमाच्या दिवशी

आदल्या दिवशी पूर्ण वेश घालून, बुटांसकट, एक गाणं नाचून बघा. उसवायचं ते घरीच उसवू दे. पिशवीत सुई-दोरा, चिकटपट्टी, टिश्यू, साध्या चपला आणि घरी परतायचा सुती शर्ट ठेवा. टिकल्यांचा कपडा रिक्षाच्या सीटवर घासून येतो, तेव्हा वरून जुनी चादर गुंडाळा.

भाड्याचा कपडा परत करताना स्वतः धुवू नका. टिकल्यांचा रंग सुटला तर भरपाई तुमच्या माथी येते. वाऱ्यावर सुकवा, घडी न घालता हँगरवरच न्या, आणि नेतानाच्या फोटोवरून दुकानदारासमोर एकेक गोष्ट मोजून द्या : पट्टा, बकल, साखळ्या, टोप. डिपॉझिट हातात पडल्याशिवाय पावती सोडू नका.